ट्रेडमिलची लाल किल्ली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी नाही, मैत्रिणींत नाही, नवऱ्याला, शिरीषला, तर नाहीच नाही. आणि गंमत बघा — आमच्या घरात माझी ख्याती अशी की वैशालीच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कोण कुणाशी बोलेनासं झालं — माझ्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचलेलं असतं. सगळे हसतात, मीही हसते. हसले की कुणी पुढे विचारत नाही.

इथल्या, म्हैसूरच्या मराठी मंडळींच्या जेवणात अजूनही कधीतरी लॉकडाऊनमधल्या खरेदीचा विषय निघतो. कुणी व्यायामाची सायकल घेतली होती, आता तिच्यावर टॉवेल वाळतात. कुणी वाळू भरलेली डंबेल्स मागवली, ती फुटून दिवाणखान्याचा समुद्रकिनारा झाला. मग माझी पाळी येते. मी पोटाची चरबी घालवायचं चाक मागवलं होतं — मध्ये चाक, दोन्हीकडे मुठी, गुडघ्यांवर बसून पुढे ढकलायचं. पहिल्याच दिवशी मी जी पुढे गेले ती हनुवटीवर जाऊन थांबले. हे मी साभिनय करून दाखवते. लोक पोट धरून हसतात. मग शिरीष म्हणतो, "आणि माझं ट्रेडमिल? ते तर सार्थकी लागलं ना?" तिथे मी आमटी वाढायला उठते. हा किस्सा मी नेहमी निम्माच सांगते.

उरलेला निम्मा त्या चाकाच्या खोक्यात आहे.

मी संशयी आहे. हे काही गुपित नाही. आमच्याकडे दूध जवळच्या वरुणा गावाकडच्या एका खेड्यातून येतं, इतक्या वर्षांत एकदाही पातळ आलेलं नाही, तरी मी रोज बोट बुडवून बघते. शिरीष म्हणतो, तुला देव भेटला तरी तू आधी ओळखपत्र मागशील. म्हणू दे. पण संशय असणं वेगळं आणि संशयापायी माणूस काय करून बसतो ते वेगळं, नाही का?

शिरीषच्या बेळगोळच्या कारखान्यामुळे आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलो आणि इथलेच झालो. विजयनगरात वरच्या मजल्यावर राहतो. खाली घरमालकीण, तुळसक्का. त्या इथल्या जुन्या मराठ्यांपैकी. पूर्वज राजाच्या फौजेत होते, सासरे मंडी मोहल्ल्यातल्या तालमीत वस्ताद. सासऱ्यांचे लाकडी मुद्गल अजून त्यांच्या देवघराशेजारी उभे असतात. तुळसक्कांची मराठी निम्मी कानडी, पण कान मात्र पूर्ण. वर चमचा पडला तरी त्यांना खाली कळतं.

आणि आई. म्हणजे माझ्या सासूबाई. सांगलीहून थोडे दिवस राहायला म्हणून आल्या आणि लॉकडाऊनमध्ये इथेच अडकल्या, मग राहूनच गेल्या. आईंचं डोकं — काय सांगू तुम्हाला? सगळ्या खानदानाचे वाढदिवस आणि फोन नंबर तोंडपाठ. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते त्यांच्याकडे, कुणी कुणाला काय आहेर केला तेही त्यांच्याकडे. कुणी वयाचा विषय काढला की म्हणायच्या, "माझं डोकं अजून शाबूत आहे हो." आणि मी आमटीत मीठ घालायला हात उचलला की मागून आवाज — "वैशाली, घातलंयस तू. मघाशीच." मी चाखून बघायची. घातलेलं असायचं. दर वेळी घातलेलं असायचं. हे त्यांचं बरोबर निघणं मला खुपत होतं का? त्या वेळी विचारलं असतंत तर मी कानावर हात ठेवले असते.

शिरीषची साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चाला, आणि बाहेर रस्ते बंद. म्हणून ते ट्रेडमिल आलं. मागच्या खोलीत ठेवलं. त्याला एक लाल किल्ली होती — किल्ली कसली, प्लास्टिकचा तुकडा, खाली चुंबक, वर दोरी आणि चिमटा. चिमटा सदऱ्याला लावायचा. माणूस पडला तर दोरी ओढली जाते, किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. किल्ली नसेल तर मशीन सुरूच होत नाही. हे एवढं लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी तुळसक्कांनी खालून हाक मारली, "वर रागी दळताय की काय मा?" त्यांना माझ्या नवऱ्याच्या पावलांची धपधप ऐकू येत होती. मग सवय झाली. महिना-दोन महिने धपधप बिनबोभाट चालली. शिरीष दार लावून घ्यायचा, अर्धा-पाऊण तास चालायचा, टॉवेलनं कपाळ पुसत बाहेर यायचा. आई कौतुकानं म्हणायच्या, चांगली वस्तू आणलीस बाबा.

आणि एक दिवस जिन्यात तुळसक्का मला म्हणाल्या, "मशीन फिरतंय तुमचं. गुर्र म्हणतंय. पण आजकाल पाय वाजत नाहीत. याके?" याके म्हणजे का. सहज विचारलं त्यांनी. "सुम्ने विचारलं हं," असंही वर म्हणाल्या, म्हणजे आपलं उगाच. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या फटीला डोळा लावला. पट्टा फिरत होता. रिकामा. शिरीष पाठमोरा पलंगाच्या काठावर बसला होता, फोन कानाला. एवढंच ऐकू आलं — "रडू नकोस. मी आहे ना." बाकी सगळं त्या गुरगुरीत बुडालं. पुढच्या अर्ध्या तासात मी कणीक मळली, पोळ्या लाटल्या, आणि तो बाहेर आला, कोरडं कपाळ टॉवेलनं पुसत. म्हणाला, आज झकास चालणं झालं.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? विचारलं असतंत ना सरळ? मी नाही विचारलं. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर खोटं असू शकतं. मला उत्तर नको होतं, पुरावा हवा होता. त्याचा फोन बघितला तर त्या वेळचा कॉल रोज पुसलेला. पुसणारा माणूस काहीतरी लपवतोय हे सांगायला शहाणं कशाला व्हायला हवं? मनातल्या मनात मी त्याच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका एकेक करून तपासल्या. जेवताना त्याच्या ताटाकडे बघायची — एक पोळी कमी का? सदरा आज हा का? इतके दिवस मी हे पोटात ठेवलं, मी! माझं मलाच आश्चर्य वाटत होतं.

अशात दसरा आला. त्या वर्षी सगळं साधंच होतं, पण खंडेनवमी — इथली आयुधपूजा — कोण सोडणार? म्हैसुरात त्या दिवशी सायकलपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हार. तुळसक्कांनी खाली मुद्गल पुजले, दारात स्कूटरला केळीचे खुंट बांधले, कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडला. वर आईंनी तबक मांडलं: विळी, सुरी, कात्री, माझा पेचकस, गाडीची किल्ली. ट्रेडमिलला त्यांनी स्वतः हळदकुंकू लावलं, मुठीला शेवंतीची माळ बांधली आणि लाल किल्ली काढून तबकात ठेवली. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत वापरायचं नाही, ही आमचीही रीत आणि इथलीही. मशीन एक दिवस बंद. शिरीष त्या दिवशी बेचैन होता. घरभर फिरत होता. मी ते बघत होते.

आणि मला सुचलं. मशीन असंच बंद राहिलं तर? मग गुरगुर नाही. मग दाराआडचं बोलणं ऐकू येणार. संध्याकाळी दिव्यात तेल घालायला मी देवघरात गेले आणि तबकातून ती किल्ली उचलली. फुलं जरा सारखी केली. घरात अशी एकच जागा होती जिथे कुणी हात घालणार नव्हतं, मीही नाही — माळ्यावरचं त्या चाकाचं खोकं. तिथे ठेवली.

मला शिरीषला पकडायचं होतं. आईंशी माझं काही नव्हतं. — असं म्हणते खरी. पण तबक आईंनी मांडलं होतं, आवरणारही त्याच होत्या. किल्ली नाही म्हटल्यावर घर कुणाकडे बघणार, हे मला काय कळत नव्हतं?

दसऱ्याच्या सकाळी आईंनी आवरलं. निर्माल्य खाली तुळसक्कांच्या नारळाच्या बुंध्याशी टाकून आल्या. विळी ओट्यावर, कात्री डब्यात, सगळं जागच्या जागी. शिरीषनं विचारलं, "आई, मशीनची किल्ली?"

"तबकात होती की."

"तबकात नाहीये. निर्माल्यात गेली असेल."

"नाही रे. मी एकेक फूल बघून —" आणि त्या थांबल्या. वाक्य तिथेच राहिलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्या स्वतःचीच उलटतपासणी घेत होत्या. आपण खरंच बघितलं का? शिरीष लगेच म्हणाला, जाऊ दे गं, होतं या वयात. किती प्रेमानं म्हणाला. त्या एका वाक्यानं त्यांचं काय केलं ते त्याला कळलंही नाही.

त्या खाली उतरल्या. मी गॅलरीतून बघत होते. नारळाच्या बुंध्याशी उकिडव्या बसून त्यांनी सगळं निर्माल्य पसरलं. शेवंतीच्या पाकळ्या, जास्वंद, आपट्याची पानं — एकेक बाजूला करत होत्या. लाल दिसलं की उचलायच्या, जास्वंद निघायची. मग रस्त्यावर गेल्या. काल फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी तिथे कुंकवानं माखून पडल्या होत्या. लाल म्हणून त्या फोडीसुद्धा उलट्या करून बघितल्या. तुळसक्का दारातून म्हणाल्या, "अय्यो, सोडा हो आई. आपलं वय झालं, अल्वा? मीबी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते." आईंनी वर बघितलं. मी गॅलरीत आहे हे त्यांना दिसलं. हात कोपरापर्यंत लाल, आणि त्या माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. माझ्याकडे बघून! मीठ दोनदा घातलंस असं आयुष्यभर सांगणारी बाई माझ्यापुढे ओशाळली होती.

आणि मला बरं वाटलं.

हे ते. इथपर्यंत यायला मी इतकं वेडंवाकडं फिरले. किल्ली लपवली हे तर काहीच नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं — थंडगार बरं. मी गॅलरीतून आत आले आणि आमटीला फोडणी दिली.

पुढचं भराभर सांगते. मशीन बंद झाल्यावर शिरीष फोन घेऊन गच्चीवर जायला लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी मी मागोमाग गेले, पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. तो बोलत होता सुनंदाशी. सुनंदा म्हणजे आईंच्या धाकट्या बहिणीची, बेबीमावशींची मुलगी. बेबीमावशी दीड-दोन महिन्यांपूर्वीच त्या आजारानं गेल्या होत्या. अंत्यदर्शनसुद्धा न मिळता. सुनंदा त्या घरात एकटी होती आणि रोज सकाळी रडायची, आणि माझा नवरा रिकामं मशीन फिरवत ठेवून तिचं रडणं ऐकत होता. आईंना कळू नये म्हणून. आईंना त्यानं सांगितलं होतं, मावशीला आता फोनवर ऐकू येत नाही. मलाही तेच सांगितलं होतं.

मी टाकीआडून बाहेर आले तेव्हा रडत होते. त्याला वाटलं मावशींसाठी. त्यानं मला जवळ घेतलं. म्हणाला, "तुला सांगणार होतो गं. पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तासाभरात आईला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं." तेव्हा मी बोलायला हवं होतं. जिना उतरून माळ्यावरचं खोकं काढायचं, आईंच्या हातात किल्ली ठेवायची, म्हणायचं — तुमचं डोकं शाबूत आहे, माझंच सडलं होतं. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, आता आईंना हे आत्ताच नको सांगायला, किल्लीपासून त्या आधीच खचल्यात.

दिवाळीच्या आधी कुणीतरी शिरीषला सांगितलं, कुठलंही चुंबक चालतं. त्यानं फ्रिजवरचं केळ्याच्या आकाराचं चुंबक काढून मशीनवर ठेवलं. मशीन सुरू! आम्ही हसलो. खाली परत धपधप ऐकू जायला लागली. लाल किल्ली आता कुणालाच नको होती. एकट्या आई मधूनमधून पलंगाखाली वाकून बघायच्या.

कपाटांच्या किल्ल्या त्यांनी एक दिवस माझ्या पुढ्यात ठेवल्या. गॅस बंद केला का हे बघायला त्या जिन्यातून परत येऊ लागल्या, मग गॅसला हात लावणंच सोडलं. वाढदिवसाचा फोन करण्याआधी मला विचारायच्या, "आजच आहे ना गं?" आजच असायचा. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरंच काय काय विचारलं, आईंनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही, तुमच्या-माझ्यापेक्षा बरी स्मरणशक्ती आहे. आईंचा विश्वास बसला नाही. रिक्षात म्हणाल्या, डॉक्टर चांगला माणूस आहे, मन राखलं त्यानं माझं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. आणि मीठ? आता मी दोनदा घातलं तरी मागून आवाज येत नाही.

मावशींचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा लपवणं अशक्य झालं. शिरीषनं आईंचा हात हातात घेऊन सांगितलं, बेबीमावशी गेल्या. गेल्या वर्षीच. आम्हाला वाटलं त्या कोसळतील, रागावतील, इतके दिवस का लपवलंत म्हणून शिव्या घालतील. मी तर तयारीत होते. आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं असेल मला तेव्हाच. मीच विसरले असेन."

शिरीषनं ते तसंच राहू दिलं. त्याची सुटका झाली होती, त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. माणूस आहे तो. पण मी? पाठची बहीण गेल्याचं आपण विसरलो, असं एक बाई माझ्यासमोर स्वतःबद्दल मानून चालली होती, आणि त्याचं मूळ माझ्या माळ्यावर होतं. मला ठाऊक होतं. मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

तेव्हापासून खंडेनवमीचं तबक मी मांडते. आई लांब खुर्चीवर बसतात, हात मांडीवर धरून. म्हणतात, माझा हात नको लागायला, काहीतरी हरवेन.

या वर्षी मी ठरवलं. आदल्या दिवशी स्टूल घेतलं, खोकं काढलं. चाक होतं तसंच होतं, कोरं. किल्लीही होती तशीच, कुंकवाचा बारीक डाग असलेली. नवमीच्या सकाळी मी ती तबकात ठेवली, कात्रीशेजारी. शिरीष गाडी धुऊन वर आला होता. वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. मीच घेतली होती — तीन शब्दांचं तर वाक्य.

आईंना लगेच दिसली. खुर्चीवरून उठल्या. "अगं, ही कुठे मिळाली?"

शिरीष बघत होता. त्याच्या तोंडावर नुसतं कुतूहल होतं. पुढचा प्रश्न 'का' असणार होता, आणि त्या 'का'च्या मागे फट, टाकी, गॅलरी सगळं होतं.

मी म्हणाले, "देवघराच्या मागे पडली होती."

"म्हणजे निर्माल्यात नव्हती गेली."

"नाही."

"मग मीच ठेवली असणार मागे."

मी म्हणाले, "हो."

आईंनी मान हलवली. चेहरा शांत होता. इतक्या वर्षांचा हिशेब एकदाचा जुळल्यासारखा. वाटीत बोट बुडवून त्यांनी किल्लीला हळद लावली, कुंकू लावलं. मग माझ्याकडे नीट बघितलं, जरा जास्तच वेळ. त्यांना माहीत आहे का? तेव्हापासून मी हेच शोधते आहे त्यांच्या तोंडावर. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्यांनी किल्ली उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली.

"तू ठेव बाई जपून," म्हणाल्या. "माझा आता भरवसा नाही."

मी ठेवली.